सगळं ‘स्टार्टेड’, तरी पहाटे फोन का आले?

प्रश्न थोडक्यात असा. महाप्याला एका कंपनीत सात महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी नाइट शिफ्टला असते. तिच्या ताब्यात दोन नोडचा, म्हणजे एक पडलं तर दुसऱ्यानं काम उचलावं अशा दोन मशीनांचा, पेसमेकर क्लस्टर आहे (पेसमेकर हे त्यांच्यावर देखरेख करणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर वाशीच्या एपीएमसीतल्या गाळेवाल्यांचं बिलिंग चालतं. दर तासाला ‘पीसीएस स्टेटस’ ही क्लस्टरची खबर सांगणारी कमांड मारायची आणि रजिस्टरमध्ये ‘ऑल ओके’ लिहायचं, एवढंच तिला शिकवलंय. परवा पहाटे साडेतीनला भाजीच्या गाड्या लागल्या, बिलं निघेनात, फोन सुरू झाले. स्क्रीनवर मात्र दोन्ही नोड ऑनलाइन, सगळे रिसोर्स, म्हणजे क्लस्टर सांभाळतो त्या सेवा, स्टार्टेड. ती विचारते, “सर, स्टेटस खोटं बोलतं का? आणि त्यात नक्की बघायचं तरी काय?” सोबत तिनं त्या रात्रीचं आउटपुट पूर्ण, टेक्स्टमध्ये पाठवलंय. हे फार बरं केलं. नाहीतर लोक स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात, तोही खालून कापलेला. आणि कामाचं सगळं खालीच असतं.

तर ऐक. खोटं बोलत नाही. सोसायटीच्या वॉचमनला विचार, “तिसऱ्या मजल्यावरचे काका घरी आहेत का?” तो सांगतो, “गाडी खाली लागलीय, म्हणजे असतील.” गाडी खाली आहे हे शंभर टक्के खरं. काका रिक्षानं ठाण्याला गेलेत, हे त्याला कोण सांगणार? क्लस्टरचं स्टेटस हे असं वॉचमनचं उत्तर आहे. ते वाचताना वॉचमन कोणत्या गेटवरचा आहे, त्यानं शेवटचं कधी पाहिलं आणि कशावरून सांगतोय, हे लक्षात ठेवायचं. तुला ‘ऑनलाइन आणि स्टार्टेड दिसलं की झालं’ एवढंच शिकवलं, यात तुझी चूक नाही. मलाही तसंच शिकवलं होतं. ठाणे-बेलापूर रोडवर अठरा वर्षं काढल्यावर एवढं अक्कलखाती जमा झालंय.

कमांड मी बोलतो तशाच लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत मारायच्या हे तुला सांगायला नको.

आधी परवाची रात्र. तुझ्या आउटपुटमध्ये बिलिंगच्या रिसोर्सपुढं कंसात ‘सिस्टमडी’ लिहिलंय बघ, म्हणजे लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा कारभारी. व्हर्च्युअल आयपीपुढं (नोडांमध्ये फिरता पत्ता) आणि डेटाबेसपुढं ‘ओसीएफ, हार्टबीट’ असं आहे, म्हणजे तिथं क्लस्टरसाठीच लिहिलेली स्क्रिप्ट, एजंट, काम बघते. परवाचं सगळं उत्तर त्या कंसात आहे. रिसोर्स सिस्टमडीच्या वर्गातला असला की पेसमेकर ठरावीक वेळानं सिस्टमडीला एवढंच विचारतो, “ही सेवा चालू आहे का?” प्रोसेस जिवंत असेल तर सिस्टमडी हो म्हणतो. विषय संपला. तुमच्या ॲप्लिकेशनचे सगळे थ्रेड डेटाबेसच्या कनेक्शनची वाट बघत अडकले होते, हे तू पाठवलेल्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय. प्रोसेस जिवंत, पोर्ट उघडं, काम शून्य. म्हणजे गाडी खाली, काका ठाण्याला.

डेटाबेसचं तसं नाही. पोस्टग्रेसचा जो ओसीएफ एजंट आहे तो नुसती प्रोसेस बघून थांबत नाही. आत लॉगिन होऊन डेटाबेसला ‘आत्ता किती वाजले’ अशी छोटी क्वेरी विचारतो. उत्तर आलं तर बरं आहे म्हणायचं. बिलिंगलाही असंच कुणीतरी विचारायला हवं. त्यासाठी छोटा ओसीएफ एजंट लिहावा लागेल. मॉनिटरमध्ये, म्हणजे ठरावीक वेळानं होणाऱ्या तपासणीत, त्यानं बिलिंगचं एखादं हलकं पान मागवायचं. ठीक असेल तर शून्य परत करायचं, सेवा बंदच असेल तर सात, चालू आहे पण बिघडलीय असं असेल तर एक. शून्य, एक आणि सात यांत गल्लत करू नकोस. बिघडलेल्या सेवेला ‘सात’ म्हटलंस तर क्लस्टरला वाटतं ती बंद आहे, आणि तो सरळ सुरू करायला जातो. आधीची अर्धमेली प्रोसेस तशीच पोर्ट धरून बसलेली असते.

एक गोष्ट जपून. तपासणी फार जड ठेवू नका. ऑपरेशनला वेगळा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, दिला नसेल तर पेसमेकर २० सेकंद धरतो. पहाटे चारला बाजार ऐन भरात असताना तुमची तपासणी २० सेकंदांत परतली नाही तर क्लस्टर चांगलं चाललेलं बिलिंग उचलून रीस्टार्ट करेल, आणि फोन मग दुप्पट येतील. अति काळजी घेणाऱ्या मॉनिटरनं पाडलेली सिस्टम मी जास्त पाहिलीय, निष्काळजी मॉनिटरनं पाडलेली कमी.

आता ‘कधीचं’ हा मुद्दा. वर ‘लास्ट अपडेटेड’ म्हणून वेळ येते, ती बघून माणूस निर्धास्त होतो. अगं, ती वेळ तू कमांड मारलीस तेव्हाची. रिसोर्सची तपासणी तेव्हा झाली असा त्याचा अर्थ नाही. तुझ्या बिलिंगचा मॉनिटर ६० सेकंदांनी चालतो. म्हणजे ‘स्टार्टेड’ हा शब्द जास्तीत जास्त मिनिटभर शिळा असू शकतो, टाइमआउट धरला तर आणखी थोडा. आणि एखाद्या रिसोर्सला मॉनिटरच नसेल, म्हणजे कुणी शहाण्यानं ‘लॉग फार भरतात’ म्हणून काढून टाकला असेल, तर ते ‘स्टार्टेड’ किती जुनं आहे ते देव जाणे. सुरू केलं तेव्हा सुरू झालं होतं, एवढंच कळतं. ‘पीसीएस रिसोर्स कॉन्फिग’ मारून प्रत्येकाचा मॉनिटर आणि त्याचं अंतर एकदा वहीत लिहून ठेव.

आउटपुट मी नेहमी खालून वर वाचतो. सगळ्यात खाली ‘डीमन स्टेटस’. तिथं कोरोसिंक (नोडांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा भाग) आणि पेसमेकर यांच्यापुढं ‘ॲक्टिव्ह, डिसेबल्ड’ असं दिसलं की नवी माणसं घाबरतात. घाबरायचं काही नाही. मशीन बूट झाल्यावर क्लस्टर आपोआप सुरू होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि बरेच जण हे मुद्दाम तसं ठेवतात. आजारी नोड रीबूट होऊन परत आपणहून मंडळीत घुसू नये म्हणून. मीही तसंच ठेवतो. तुमच्याकडं मुद्दाम ठेवलंय की राहून गेलंय, ते सिनियरला विचार.

त्याच्या वर, असलाच तर, ‘फेल्ड रिसोर्स ॲक्शन्स’ हा भाग. इथं थांबायचं. एक ओळ नीट सोडवून दाखवतो, कारण ती कुणी वाचतच नाही. समज असं लिहिलंय: बिलिंग अंडरस्कोर मॉनिटर अंडरस्कोर ६००००, नोड एकवर, ‘नॉट रनिंग’, कंसात ७, पुढं कॉल नंबर, मग शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, आणि एक्झेक म्हणून मिलिसेकंद. पहिला शब्द रिसोर्सचं नाव. दुसरा, काय करताना चुकलं: स्टार्ट, स्टॉप की मॉनिटर. तिसरा आकडा म्हणजे मिलिसेकंदांत अंतर. ६०००० म्हणजे दर मिनिटाची तपासणी. तिथं शून्य असेल तर ते एकदाच केलेलं काम होतं. कंसातला आकडा एजंटनं परत केलेला. ७ म्हणजे सेवा चालू नव्हती, १ म्हणजे सर्वसाधारण बिघाड, ५ म्हणजे हवं ते सॉफ्टवेअर या नोडवर इन्स्टॉलच नाही, ६ म्हणजे कॉन्फिगरेशन चुकलंय. ५ दिसला की मी पहिली गोष्ट विचारतो, “काल पॅचिंग कुणी केलं?” दोन नोडपैकी एकावर पॅकेज टाकलं आणि दुसऱ्यावर विसरलं, ही गोष्ट आपल्याकडं आठवड्याला एकदा घडते.

दुसरा शब्द ‘स्टॉप’ असेल तर कान टवकार. सुरू होताना चुकलेल्या रिसोर्सला क्लस्टर दुसऱ्या नोडवर नेऊ शकतो. थांबवताना चुकलेल्याला नाही, कारण तो इथं खरंच थांबलाय का याची खात्री नसते. फेन्सिंग, म्हणजे नोड जबरदस्तीनं बंद करायची सोय, चालू असेल तर क्लस्टर तो अख्खा नोडच पाडतो आणि मग पुढं जातो. फेन्सिंग बंद असेल तर रिसोर्सपुढं ‘ब्लॉक्ड’ येतं आणि सगळं तिथंच गोठतं. ‘स्टार्ट’ चुकलं असेल तर फेलकाउंट, म्हणजे किती वेळा चुकलं तो आकडा, थेट इन्फिनिटीला जातो आणि तो नोड त्या रिसोर्ससाठी बाद होतो. पेसमेकरच्या हिशेबात इन्फिनिटी म्हणजे १० लाख. कुठं १०००००० दिसलं तर आकडा वाचत बसू नकोस. तो ‘कधीच नाही’ म्हणतोय.

आणि कृपा करून ही ओळ दिसली की लगेच ‘पीसीएस रिसोर्स क्लीनअप’ मारू नकोस. स्क्रीन स्वच्छ होते, साहेब खूश होतात, आणि काय बिघडलं होतं त्याचा पुरावाही धुऊन निघतो. क्लीनअप म्हणजे क्लस्टरला ‘झालं गेलं विसर, परत बघ’ असं सांगणं. आधी पूर्ण आउटपुट फाइलमध्ये घे, त्या वेळेच्या आसपासचं जर्नल, म्हणजे मशीनचा लॉग, काढ, आणि मग खुशाल क्लीनअप कर.

नोडच्या ओळीत ‘ऑनलाइन’ म्हणजे तो नोड मंडळीत हजर आहे आणि त्यावर पेसमेकर चालू आहे. बाकी काही नाही. ‘स्टँडबाय’ म्हणजे हजर आहे, पण त्याला काम द्यायचं नाही असं कुणीतरी सांगितलंय. ‘मेंटेनन्स’ म्हणजे चालू आहे ते चालू दे, क्लस्टर हात लावणार नाही. अख्खा क्लस्टर मेंटेनन्समध्ये असेल तर वर एक लांबलचक ओळ येते, ‘रिसोर्स मॅनेजमेंट इज डिसेबल्ड’. पॅचिंगच्या रविवारी लावलेली ही अवस्था सोमवारी काढायची राहिली, की पुढच्या बिघाडापर्यंत कुणाला कळत नाही. रिसोर्स सगळे ‘स्टार्टेड’च दिसतात ना.

राहिला ‘अनक्लीन’. हा शब्द मोठ्या अक्षरांत येतो, आणि मोठ्या अक्षरांतच येण्याच्या लायकीचा आहे. तो नोड गायब आहे आणि तो मेलाय की जिवंत आहे हे क्लस्टरला ठाऊक नाही. ते पक्कं होईपर्यंत त्याच्यावरचं काम दुसरीकडं सुरू होणार नाही, कारण तो जिवंत असला तर दोघं एकाच डिस्कवर लिहितील. पक्कं करायची पद्धत म्हणजे त्याला पाडणं, म्हणजेच फेन्सिंग. पेसमेकरवाले तिला स्टोनिथ म्हणतात, ‘शूट द अदर नोड इन द हेड’ची आद्याक्षरं. तुमच्याकडं ते आयपीएमआयवरून, म्हणजे मशीनमधल्या छोट्या चिपला दुरून हुकूम देऊन, होतं. इथं एक मेख आहे. आयपीएमआय ज्या छोट्या चिपवर चालतं तिलाही त्याच मशीनची वीज लागते. मशीनची वीज दोन्ही बाजूंनी गेली तर चिपही गेली, फेन्सिंगला उत्तर कोण देणार? म्हणजे नोड खरंच मेलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच क्लस्टर ‘अनक्लीन’ म्हणून अडून बसतो.

अशा वेळी कुणीतरी फोनवर सांगेल, “अगं, पीसीएस स्टोनिथ कन्फर्म मार.” ती कमांड म्हणजे तुझी सही आहे, की तो नोड बंद आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रॅकपाशी कुणाला तरी पाठवल्याशिवाय ती सही करायची नाही. रबाळ्याच्या एका हॉलमध्ये दोन रॅकवर एकाच नंबरची स्टिकरं चिकटलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यामुळं रिमोट हँड्सच्या, म्हणजे डेटा सेंटरमध्ये आपल्या वतीनं हात लावणाऱ्या, माणसाकडून रॅक नंबर घेऊन थांबत नाही, मशीनचा सीरियल नंबर वाचून घेतो. कायमचा उपाय म्हणजे फेन्सिंगची दुसरी पातळी पीडीयूवर, म्हणजे रॅकच्या वीजपट्टीवर, ठेवणं, म्हणजे प्लगच बंद करता येतो. त्याला खर्च आहे आणि तो तुझ्या हातात नाही, पण मागणी नोंदवून ठेव.

‘कोणाला विचारलं’ याकडं लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. तू कायम नोड एकवर लॉगिन होऊन स्टेटस मारतेस ना? मग तुला कायम नोड एकचं मत कळतं. दोन नोडमधलं नेटवर्क तुटलं तर नोड एक म्हणतो नोड दोन ऑफलाइन, नोड दोन म्हणतो नोड एक ऑफलाइन, आणि दोघंही स्वतःला ‘करंट डीसी’ म्हणवतात. डीसी म्हणजे डेजिग्नेटेड कोऑर्डिनेटर, मंडळींचा मुकादम. म्हणून पहिली तपासणी ही: दोन्ही नोडवर कमांड मारायची आणि दोन्हीकडं डीसीचं नाव एकच येतंय का बघायचं. दोन मुकादम दिसले तर बाकीचं वाचायची गरज नाही, फोन उचल.

त्याच ओळीत ‘पार्टिशन विथ कोरम’ असं असतं. कोरम म्हणजे निर्णय घ्यायला लागणारं बहुमत. तीन नोडांत कोरमला दोन लागतात, पाचांत तीन. चारांतही तीनच लागतात, म्हणजे चौथा नोड घेऊन पडझड सोसायची ताकद काडीची वाढत नाही. हे विकत घेणाऱ्यांना पटवता पटवता माझे केस गेले. दोन नोडांत मात्र हा हिशेब जमतच नाही. एक गेला की निम्मे उरले, बहुमत कुठलं? म्हणून तिथं ‘टू नोड’ नावाची खास सवलत चालू करतात, म्हणजे एकट्यालाही कोरम आहे असं धरतात. ‘कोरोसिंक डॅश कोरमटूल डॅश एस’ मारलंस की फ्लॅग्जच्या ओळीत ‘टूनोड, कोरेट, वेटफॉरऑल’ असं दिसेल. शेवटच्याचा अर्थ असा की थंड सुरुवातीला दोघं एकमेकांना दिसेपर्यंत कुणीच काम सुरू करणार नाही. या सवलतीमुळं तुमच्या क्लस्टरवर ‘विथ कोरम’ या शब्दांना फारशी किंमत नाही. नेटवर्क तुटलं तर दोघांनाही कोरम मिळतो. वाचवणार ते फेन्सिंगच.

त्याच कमांडमध्ये ‘रिंग आयडी’ म्हणून एक आकडा येतो. मंडळी नव्यानं जमली की तो वाढतो. संध्याकाळी लिहून ठेव आणि सकाळी बघ. वाढला असेल तर रात्रीत कुणीतरी बाहेर जाऊन परत आलंय, मग स्क्रीनवर काहीही दिसो.

आणि ‘कोरोसिंक डॅश सीएफजीटूल डॅश एस’. ही प्रत्येक लिंकची अवस्था दाखवते. तुमच्याकडं दोन लिंक आहेत, म्हणजे दोन नोड दोन वेगळ्या वाटांनी एकमेकांशी बोलतात. त्यातली एक मेली तर दुसरी काम उचलते, आणि ‘पीसीएस स्टेटस’मध्ये याबद्दल अवाक्षर येत नाही. महिनोन्‌महिने एका पायावर उभे असलेले क्लस्टर मी पाहिलेत. दुसरा पाय जातो तेव्हा सगळे म्हणतात, “अचानक झालं.” लिंकपुढं ‘कनेक्टेड’ हवं. ‘डिसकनेक्टेड’ दिसलं तर तिकीट टाक, रात्री दोन वाजता असलं तरी.

टोकनबद्दल थोडं. दोन्ही नोड एक टोकन एकमेकांना देत राहतात. ठरलेल्या वेळेत ते फिरून आलं नाही की कोरोसिंक ठरवतं, कुणीतरी गेलं. ही वेळ जुन्या कोरोसिंकमध्ये आपण वेगळी दिली नसेल तर १००० मिलिसेकंद असायची, ३.१ पासून ३००० आहे. ऐरोलीतल्या एका क्लस्टरमध्ये दर रात्री दीडच्या सुमारास एक नोड फेन्स व्हायचा. अकरा दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या नावानं खडे फोडले, त्यांनी दोन केबली आणि एक स्विच बदलला. बाराव्या दिवशी मी जर्नल शांतपणे वाचलं. फेन्स व्हायच्या जरा आधी, त्याच नोडवर, कोरोसिंकची ओळ होती: मुख्य प्रोसेसला ४००० हून जास्त मिलिसेकंद चालायलाच मिळालं नाही, मर्यादा ८००. म्हणजे नेटवर्क निर्दोष, मशीनच चार सेकंद गोठलेलं. व्हर्च्युअल मशीन होतं, आणि दीड वाजता बॅकअपचा स्नॅपशॉट लागायचा. आम्ही टोकन १०००० केलं आणि दोन्ही नोडांच्या बॅकअपच्या वेळा वेगळ्या केल्या. टोकन वाढवलं की खरा मृत्यू कळायलाही उशीर होतो, हे मान्य करूनच. नेटवर्कवाल्यांना वडापाव खिलवून मिटवलं. तूही तुमच्या बॅकअपची वेळ विचारून घे, आणि ‘पीसीएस स्टोनिथ हिस्टरी’त कुणाला कधी पाडलं त्या वेळांशी ताडून बघ.

आता स्टेटसमध्ये अजिबात न दिसणारी गोष्ट. ही चूक माझी स्वतःची आहे. पावसाळ्यातल्या एका रविवारी नोड एकचं पॅचिंग होतं. मी ‘पीसीएस रिसोर्स मूव्ह’ मारून सगळा ग्रुप, म्हणजे एकत्र हलणारे रिसोर्स, तिथून हलवला. कुठं जायचं ते सांगितलं नाही, दोनच तर नोड. ग्रुप नोड दोनवर गेला, पॅचिंग झालं, नोड एक परत आला, दोन्ही ऑनलाइन, सगळं स्टार्टेड. मी घणसोलीहून लोकल पकडून कळव्याला घरी, जेवायला. तेव्हाच्या पीसीएसमध्ये कुठं ते न सांगता मूव्ह मारलं की तो एक मुक्कामी बंदी घालून ठेवायचा: हा ग्रुप नोड एकवर कधीच नको. नावही ‘सीएलआय बॅन’ असंच. काम झाल्यावर ‘पीसीएस रिसोर्स क्लिअर’ मारून ती काढायची असते. मी काढली नाही.

गणपतीच्या आदल्या रात्री नोड दोनची मेमरी दगावली. क्लस्टरनं त्याला व्यवस्थित फेन्स केलं. नोड एक ऑनलाइन, कोरम आहे, फेल्ड ॲक्शन एकही नाही, आणि ग्रुप ‘स्टॉप्ड’. मी मखराला दिवे लावत होतो, तसाच उठून गेलो. चाळीस मिनिटं लॉग चिवडले. शेवटी बरोबरचा पोरगा म्हणाला, “सर, कन्स्ट्रेंट बघू का?” म्हणजे कुठला रिसोर्स कुठं चालावा, कुठं नाही, याचे नियम. ‘पीसीएस कन्स्ट्रेंट’ मारलं आणि पहिल्याच ओळीत बंदी, मी घातलेली. क्लिअर मारल्यावर काही सेकंदांत ग्रुप उभा राहिला.

लाज वाटली ती पुढं. जुनी आउटपुटं उघडून बघितली तर प्रत्येकात, अगदी वरच, ‘लास्ट चेंज’च्या ओळीत तोच रविवार, रूट, आणि बदल ‘सीआरएम रिसोर्स’नं केल्याचं लिहिलेलं. मूव्ह तेव्हा आतून हीच कमांड मारायचं. रोज सकाळी कुणी ना कुणी ते आउटपुट मेलवर चिकटवत होतं. ‘लास्ट अपडेटेड’ सगळे वाचायचे, त्याच्या खालची ओळ कुणी नाही. आताच्या पीसीएसमध्ये, म्हणजे ०.११ पासून, मूव्ह काम झाल्यावर आपली बंदी आपण काढून घेतो. पण ‘बॅन’ तसाच राहतो, आणि तुमच्या मशीनवर कुठलं पीसीएस आहे ते तू बघितलंयस का? ‘पीसीएस डॅश डॅश व्हर्जन’. नुसत्या बंदी बघायच्या तर ‘सीआरएम अंडरस्कोर मॉन, डॅश वन, मोठा एल’ हेही चालतं.

सीआरएम-मॉनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. काही जणांना पीसीएसपेक्षा तेच आवडतं, कारण डॅश वन न लावता उघडलं तर ते स्क्रीनवर जिवंत राहतं. फेलओव्हर चालू असताना मीही एका खिडकीत तेच ठेवतो आणि दुसऱ्या खिडकीत जर्नल. पण नुसतं चालवलं तर ते फक्त चालू असलेले रिसोर्स दाखवतं. बंद पडलेला यादीतूनच गायब! तेव्हा ‘डॅश आर’ लावल्याशिवाय वापरू नकोस, आणि ‘डॅश एफ’ लाव म्हणजे फेलकाउंटही दिसतील. तुझ्या आधी जो होता त्यानं क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, एक स्क्रिप्ट टाकलीय असं तू लिहिलंयस, ‘पीसीएस स्टेटस’ शून्य परत करतं का एवढंच बघणारी. ती काढून टाक. क्लस्टर चालू असेल तर ती कमांड शून्यच देते, आत अर्धे रिसोर्स पडलेले का असेनात. स्क्रिप्टच लिहायची तर सीआरएम-मॉनचं आउटपुट एक्सएमएलमध्ये घे आणि त्यातून हवं ते वाच.

रजिस्टरमधल्या ‘ऑल ओके’च्या जागी मी असतो तर असं लिहिलं असतं: “३.०० वाजता. दोन्ही नोडवरून पाहिलं. डीसी दोन्हीकडं नोड एक. रिंग आयडी कालचाच. दोन्ही लिंक कनेक्टेड. लास्ट चेंज गेल्या शनिवारचा, पॅचिंगचा. बंदी नाही. फेल्ड ॲक्शन नाही. बिलिंगमध्ये टेस्ट गाळ्याच्या नावानं लॉगिन करून एक पान उघडलं, दोन सेकंदांत आलं.” पाच मिनिटांचं काम आहे. दर तासाला करायची गरजही नाही. शिफ्ट घेताना एकदा, आणि बाजार उघडायच्या आधी, तीनला, एकदा. मधल्या वेळी नुसतं स्टेटस पुरे.

शेवटचं ते लॉगिन मात्र रोज करायचं, ओसीएफ एजंट लिहून होईपर्यंत. एजंट आधी टेस्ट क्लस्टरवर चढवा आणि तिथं मुद्दाम डेटाबेसची कनेक्शन संपवून बघा, मॉनिटर ‘एक’ परत करतो का ते. आणि आज रात्री शिफ्टवर गेलीस की ‘पीसीएस कन्स्ट्रेंट’ मारून त्याचं आउटपुट मला पाठव. तू पाठवलेल्या स्टेटसमध्ये लास्ट चेंज पुन्हा ‘सीआरएम रिसोर्स’चाच दिसतोय, आणि तोही एका रविवारचा.